किशोरवयीन मद्यपान ओळखणारी ‘क्राफ्ट’ प्रश्नावली : वागणे टिपते, तलफ मात्र विचारत नाही

१२ ते २१ या वयातील मुलामुलींचे मद्यपान आणि इतर व्यसने वेळीच ओळखता यावीत, यासाठी बॉस्टन चिल्ड्रन्स हॉस्पिटलच्या तज्ज्ञांनी तयार केलेली ‘क्राफ्ट’ ही प्रश्नावली १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली. किशोरवयीनांशी बोलणाऱ्या प्रत्येक समुपदेशकाने ती हाताशी ठेवावी, असे माझे ठाम मत आहे. मात्र तिची एक मोठी उणीवही ध्यानात ठेवायला हवी.

२.१ या आवृत्तीत सुरुवातीला, गेल्या १२ महिन्यांत दारू, गांजा किंवा इतर नशेचे पदार्थ किती दिवस घेतले, हे विचारले जाते. ‘पितोस का?’ असा आरोपाचा सूर नसल्यामुळे मूल झटकन ‘नाही’ म्हणून मोकळे होत नाही, थोडे आठवून उत्तर देते. सगळी उत्तरे शून्य आली तरी एक प्रश्न उरतोच : नशेत असलेल्या कुणी चालवलेल्या गाडीत तू कधी बसला आहेस का? स्वतः थेंबही न घेणाऱ्या मुलाला मोठ्यांच्या पिण्यापासून असलेला धोका त्यामुळे समोर येतो, आणि मला हे फार मोलाचे वाटते.

शून्याहून वेगळे उत्तर देणाऱ्यांना गाडीच्या या प्रश्नासह प्रश्नावलीतले सहाही प्रश्न विचारतात. त्यांतले दोन सर्वांत बोलके आहेत : ताण घालवण्यासाठी, स्वतःबद्दल बरे वाटावे म्हणून किंवा इतरांत सामावून जाण्यासाठी पितोस का, आणि एकटा असताना पितोस का. मित्रांच्या आग्रहाखातर घेतलेला घोट आणि मनातले काही दडपण्यासाठी एकट्याने घेतलेला घोट यांतला फरक इथे कळतो. ‘हो’ या प्रत्येक उत्तराला एक गुण असून, दोन किंवा अधिक गुण आल्यास सविस्तर तपासणी गरजेची मानली जाते. हे गुण म्हणजे निदान नव्हे.

आता उणिवेकडे वळतो. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या २०१३ च्या निदानपुस्तिकेत मद्यपान विकाराच्या ११ निकषांमध्ये तलफेचा समावेश झाला. ‘क्राफ्ट’मध्ये मात्र तलफेवर एकही प्रश्न नाही. त्यामुळे क्वचितच पिणारा, पण आठवडाभर त्याच विचारात गुंतलेला मुलगा कमी गुण मिळवून नजरेआड राहू शकतो. ‘पेन’ तलफ मापनश्रेणी गेल्या आठवड्यातील तलफेवर पाच प्रश्न विचारून ३० पैकी गुण देते, पण ती प्रौढ रुग्णांना समोर ठेवून रचलेली आहे. म्हणून ‘क्राफ्ट’ संपल्यावर, गुणांत न धरता, साध्या शब्दांत विचारावे : प्यावेसे केव्हा वाटते, ती ओढ किती वेळ टिकते आणि तेव्हा तू काय करतोस?

प्रश्नावली विनामूल्य मिळते आणि ती भरायला काही मिनिटेच लागतात. ती पालकांच्या समोर मात्र भरून घेऊ नये, कारण आईवडील शेजारी बसलेले असताना मिळालेल्या शून्यावर कुणालाही विसंबता येणार नाही.