सान्तोचे दोन भयपट : आधी कोणता पाहावा?

मेक्सिकोतील मुखवटाधारी कुस्तीगिरांच्या जुन्या भयपटांकडे वळू इच्छिणाऱ्याने सुरुवात दोनपैकी एका चित्रपटाने करावी, असे मला वाटते : १९६२ चा ‘सान्तो कोन्त्रा लास मुखेरेस व्हाम्पीरो’ किंवा १९७२ चा ‘लास मोमियास दे ग्वानाखुआतो’. चंदेरी मुखवट्याचा कुस्तीगीर सान्तो दोन्हींत आहे. पहिल्यात त्याची गाठ व्हॅम्पायर स्त्रियांशी पडते, दुसऱ्यात ममींशी.

आल्फोन्सो कोरोना ब्लेक यांनी दिग्दर्शित केलेला पहिला चित्रपट कृष्णधवल आहे आणि नायक पडद्यावर येण्याआधी तो बराच वेळ केवळ भीतीचे वातावरण उभारण्यात घालवतो. पडक्या वास्तूतील शवपेट्यांमधून जीर्ण देहाच्या स्त्रिया उठतात, पुन्हा तरुण होतात आणि आपल्या राणीची वारस म्हणून एका प्राध्यापकाच्या मुलीला हेरतात. राणी सोरिनाच्या भूमिकेत लोरेना वेलास्केस यांनी जी थंड, राजसी जरब आणली आहे, तिच्यामुळे नेपथ्याचा साधेपणा खटकत नाही. रिंगणातल्या कुस्त्या मात्र कथेला थांबवतात, आणि ज्याला लूचा लिब्रेत, म्हणजे मेक्सिकोतील मुखवटाधारी कुस्तीत, रस नाही त्याला त्या लांबलेल्या वाटतील. तरीही त्यांतील एक चुकवू नये. लूचा लिब्रेत मुखवटा गमावणे ही मल्लाची सर्वांत मोठी मानहानी मानली जाते. सान्तो प्रतिस्पर्ध्याचा मुखवटा ओढून काढतो तेव्हा आतून माणसाऐवजी लांडग्याचा चेहरा दिसतो, आणि या खेळाचा नियम आणि भयपटाचा धक्का एकाच क्षणी एकत्र येतात. या चित्रप्रकारात इतका नेमका प्रसंग मी दुसरा पाहिलेला नाही.

फेदेरिको कुरिएल यांचा दुसरा चित्रपट रंगीत आहे आणि ग्वानाखुआतो शहराच्या खऱ्याखुऱ्या गल्ल्यांत घडतो, हे त्याचे मोठे बळ आहे. त्या शहरातील ममींचे संग्रहालयही खरे आहे : १९व्या शतकात दफनभूमीचा कर भरू न शकलेल्या कुटुंबांतील मृतांचे देह १८६५ पासून उकरून काढले गेले आणि त्यांपैकी काही आपोआप वाळून टिकलेले आढळले. हा इतिहास ठाऊक असला की गरिबांच्या त्या देहांना खलनायक बनवणे मनाला टोचते, आणि चित्रपट त्याबद्दल काहीच बोलत नाही. कथेत सान्तोच्या पूर्वजाकडून हरलेला सैतान नावाचा मल्ल सूड घेण्यासाठी ममी होऊन उठतो. लढाईचा बहुतेक भार ब्लू डेमन आणि मिल मास्कारास हे दोन मुखवटाधारी मल्ल वाहतात. सान्तो अगदी शेवटी येतो आणि ज्वाला फेकणाऱ्या पिस्तुलांनी प्रश्न सोडवून टाकतो. त्यामुळे केवळ सान्तोसाठी हा चित्रपट निवडणाऱ्याची निराशा होईल, तर तीन मोठे मल्ल एकत्र पाहू इच्छिणाऱ्याला, किंवा लहान मुलांसोबत पाहणाऱ्याला, तोच अधिक रुचेल.

माझे मत पहिल्याच्या बाजूने आहे, कारण तिथे भीती आणि कुस्ती एकमेकींतून वाढतात, तर दुसऱ्यात ममी आणि मल्ल बराच काळ शेजारी शेजारी चालत राहतात. सान्तोने वास्तवातही मुखवट्याची प्रतिष्ठा जपली होती. १९८४ मध्ये दूरचित्रवाणीवर त्याने तो किंचित उचलला, त्यानंतर थोड्याच दिवसांत त्याचे निधन झाले आणि मुखवट्यासहच त्याला निरोप देण्यात आला. ही निष्ठा ज्यांना समजून घ्यायची आहे, त्यांना रिंगणातला तो लांडग्याचा प्रसंग अधिक खोलवर भिडेल.

पहिल्या चित्रपटाची इंग्रजीत ध्वनिमुद्रित केलेली अमेरिकी आवृत्तीही प्रचलित आहे, आणि तीत सान्तोचे नावच बदलून सॅमसन केले आहे. ती टाळून मूळ स्पॅनिश आवाजातील, उपशीर्षकांसह असलेली प्रत शोधावी, कारण सोरिनाच्या बोलण्यातली जरब त्याच आवाजात ऐकू येते.