पन्नाशीत वजन उतरवायचंय: कर्बोदकं तोडायची की मोजून खायचं?

चाळिशी-पन्नाशीत वजनाचा काटा हटून बसला की दोन सल्ले हमखास मिळतात. पहिला म्हणजे साखर, धान्य, बटाटा बंद करा, बाकी पोटभर खा. दुसरा म्हणजे सगळं खा, पण मोजून, आणि तेल-तूप आवरा. यातला एक निवडताना पहिल्या महिन्याचा आकडा धरू नका, हे मी कळकळीनं सांगते.

यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेनचा, म्हणजे राखून ठेवलेल्या साखरेचा, साठा असतो आणि त्याच्या दर ग्रॅमबरोबर साधारण ३ ग्रॅम पाणी. कर्बोदकं एकदम तोडली की हा साठा काही दिवसांत आटतो, पाणी निघून जातं आणि काटा एक-दोन किलोंनी खाली येतो. ती चरबी नव्हे. मोजून खाणाऱ्याच्या वाट्याला हा आनंद येत नाही, म्हणून तो उगीच खचतो.

लांबचं चित्र पाहा. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या इस्रायलमधल्या अभ्यासात ३२२ जण होते, सरासरी वय ५२. दोन वर्षांनी कमी चरबीचं मोजून खाणाऱ्यांचं वजन सरासरी २.९ किलो उतरलं होतं, कमी कर्बोदकं खाणाऱ्यांचं ४.७. पण भूमध्यसागरी पद्धतीचं (भाज्या, मासे, ऑलिव्ह तेल) मोजून खाणारेही ४.४ किलोंपर्यंत पोचलेच. २०१८ च्या स्टॅनफर्डच्या अभ्यासात ६०९ जण होते, बहुतेक थोडे तरुण. वर्षभरानं कमी चरबीवाल्यांचे ५.३ किलो गेले, कमी कर्बोदकवाल्यांचे ६. म्हणजे जवळपास बरोबरीच. तिथे दोन्ही गटांना साखर आणि मैदा टाळायला, भाज्या भरपूर खायला सांगितलं होतं. माझ्या मते खरी मेख तिथेच आहे.

मग कर्बोदकं तोडण्याचा फायदा कोणाला? ज्याला भूक आवरत नाही त्याला. प्रथिनांनी पोट लवकर भरतं, कॅलरींचा हिशेब ठेवावा लागत नाही. रक्तातले ट्रायग्लिसराइड (एक प्रकारची चरबी) बहुधा उतरतात. मात्र काहींचं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, चांगलंच चढतं, म्हणून आधी आणि तीन महिन्यांनी लिपिड (रक्तातल्या चरबीची) तपासणी कराच. सुरुवातीला डोकं दुखतं, थकवा येतो. भाज्या कमी पडल्या तर बद्धकोष्ठ ठरलेलं.

मोजून खाण्याची गती मंद, पण घरच्यांबरोबर एकाच ताटातलं जेवता येतं. शिवाय मधुमेहाच्या उंबरठ्यावर असाल तर या बाजूचा पुरावा भक्कम आहे. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या अभ्यासात, कमी चरबीचा मोजका आहार आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम यांनी मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. सरासरी वय ५१ होतं.

‘वय झालं, चयापचय मंदावलं’ हे मात्र मनातून काढून टाका. २०२१ मधल्या मोठ्या संशोधनानुसार शरीराची बांधणी लक्षात घेतली तर २० ते ६० वर्षांपर्यंत ते जवळपास तेवढंच राहतं. घटतात ते स्नायू, आणि वजन उतरवताना ते आणखी घटतात. म्हणून पद्धत कुठलीही असो, वजनाच्या दर किलोमागे दिवसाला १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं आणि आठवड्यातून दोनदा ताकदीचा व्यायाम हवाच. मूत्रपिंडाचा विकार असेल तर प्रथिनं डॉक्टरांना विचारूनच.

माझा कौल? औषधं चालू नसतील आणि गोडाची, पिठाची सवय सुटत नसेल, तर कर्बोदकं कमी करून पाहा. पण दिवसाला ५० ग्रॅमच्या आतलं कीटो नको, १०० ते १३० ग्रॅमवर थांबा. एवढं दुसऱ्या वर्षीही निभावतं.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर आधी डॉक्टर. कर्बोदकं घटली आणि डोस तोच राहिला तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. नावाच्या शेवटी ‘ग्लिफ्लोझिन’ असलेल्या गोळ्यांवर तर कीटोअॅसिडोसिसची, म्हणजे रक्तात घातक प्रमाणात आम्ल साठण्याची, भीती असते, आणि तीही रक्तातली साखर फारशी वाढलेली नसताना. रक्तदाबाच्या गोळ्यांचा डोसही बदलावा लागू शकतो.