विश्रामबागचा मानसशास्त्राचा प्रॅक्टिकल क्लास
बी.ए.ला मानसशास्त्र घेतलेल्या सांगलीच्या मुलामुलींनी हा क्लास लावावाच. जागा म्हणजे पहिल्या मजल्यावरची एकच खोली. पण ‘वुंट यांनी १८७९ साली लायपझिगला मानसशास्त्राची प्रयोगशाळा काढली’ एवढं एका मार्काचं वाक्य लिहून देऊन सर पुढे जात नाहीत. वेबरचा नियम त्यांनी हातात वजनं देऊन शिकवला. डोळ्यांवर पट्टी, एका तळव्यावर शंभर ग्रॅम, दुसऱ्यावर हळूहळू वाढवत न्यायचं, फरक कळला की सांगायचं. मग तेच पाचशे ग्रॅमपासून. आता मघाच्या वाढीव वजनाचा पत्ताच लागेना! भर मूळ वजनाच्या प्रमाणात लागते, हे मला तिथं खरं उमगलं. हाच धागा पकडून फेखनरनं १८६० मध्ये संवेदना मोजण्याचं शास्त्र मांडलं. वुंटची प्रयोगशाळा त्याच्या नंतरची. हा क्रम कॉलेजात कुणी सांगितलाच नव्हता. स्मरणशक्तीवर प्रयोग करणाऱ्या एबिंगहाउससारखी निरर्थक अक्षरं पाठ करून आम्ही आपापलं विसरणंही मोजलं (त्यानं सगळे प्रयोग स्वतःवरच केले, १८८५ला छापले).

फी रास्त, नोट्स मराठीत. बॅच मात्र फार मोठी, स्टॉपवॉच हातात यायला वेळ लागतो. सर, तिच्या दोन बॅच कराच.