शिक्षकांसाठीचं दुकानखातं: जून ते जानेवारी, माझा वापरानंतरचा अनुभव

धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या एका द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत मी पहिली-दुसरीला शिकवते. शाळेचा पट 42 मुलांचा. गेल्या जूनमध्ये आमच्या बाजारगावातल्या एका स्टेशनरीवाल्या भाऊंनी शिक्षकांसाठी वेगळं खातं सुरू केलं. शेजारचा झेरॉक्स-लॅमिनेशनवालाही त्यात सामील झाला. ओळखपत्र दाखवायचं, वहीत आपल्या नावाचं पान उघडायचं, छापील किमतीवर 10 टक्के सूट, आणि पैसे अनुदान येईल तेव्हा. आठ महिने हे खातं मी सतत वापरलं. इतर तालुक्यांतल्या शिक्षिका विचारतात, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी गरज सांगते. समग्र शिक्षा या सरकारी योजनेच्या निकषांत 31 ते 100 पटाच्या शाळेला वर्षाला 25,000 रुपये संयुक्त शाळा अनुदान धरलेलं आहे. त्यातले किमान 10 टक्के स्वच्छतेवर, मग वीजबिल, किरकोळ दुरुस्ती, शाळेच्या नोंदवह्या. खडू-तक्त्यांपर्यंत पोचता पोचता हाती थोडंच राहतं, आणि पैसा जूनमध्ये तर कधीच येत नाही. आधीच्या सर्व शिक्षा अभियानात प्रत्येक शिक्षकाला साहित्यासाठी वर्षाला 500 रुपये मिळायचे. रक्कम छोटी होती, पण ती आपली असायची. आता पहिलीच्या मुलांच्या हातात मणी आणि अंककार्डं जूनमध्येच हवी असतात, म्हणून आपण पर्समधून घालतो. मी नोकरीला लागल्यापासून तेच करत आले.

म्हणून माझ्या दृष्टीने या खात्याची खरी किंमत सुटीत नाही, भाऊंनी पैशांसाठी थांबण्यात आहे. पहिल्या दिवशी मी दोनच डझन वह्या मागितल्या, तर भाऊ म्हणाले, "लई जा ताई, पैसासनं मांगे दखूत." (घेऊन जा, पैशांचं मागाहून बघू.) मी पाच डझन उचलल्या. यंदा वह्यांची गरजही जास्त होती, कारण 2023-24 पासून पाठ्यपुस्तकांत लिहायला जी कोरी पानं होती ती 2025-26 पासून बंद झाली. मोफत पुस्तक मिळालं तरी वही घरूनच आणायची, आणि आमच्याकडे मजुरीवर जाणाऱ्या घरांत जूनचा महिना बियाणं-खताचा असतो. वही मागे पडते.

दुसरी सोय मला जास्त आवडली: सुटं मिळतं. धुळ्याला आग्रा रोडवर घोटीव (चकचकीत रंगीत) कागद गड्डीनेच घ्यावा लागतो. मला लाल आणि पिवळे मिळून आठ कागद हवे असतात. भाऊ आठच मोजून देतात. मणीमाळेसाठी दोन रंगांचे मणी त्यांनी मुद्दाम मागवले, दहा लाल, दहा पांढरे असे ओवायला. न लागलेली कार्डशीट कोरी असेल तर परत घेतात. दुसरीतला एक मुलगा मधल्या सुट्टीत येऊन म्हणाला, "मॅडम, मना खडू सरना." त्याचा तेलखडूतला फक्त हिरवा संपला होता, झाडंच काढतो तो. भाऊंनी फुटक्या पेटीतला हिरवा काढून दिला आणि वहीत लिहिलासुद्धा नाही.

आता तक्रारी, कारण त्याही खऱ्या आहेत.

सूट सगळीकडे सारखी नाही. स्केचपेनचं पाकीट छापील 60 रुपये, आम्हाला 54 ला पडलं. तेच धुळ्यात 48 ला मिळालं. एसटीत बायकांना अर्धं तिकीट असलं तरी सुट्टीचा अख्खा दिवस जातो, म्हणून दोन-चार पाकिटांसाठी मी जाणार नाही. पण वर्षाची एकदम खरेदी असेल तर जिल्ह्याला जाणंच परवडतं, हे भाऊंनाही मी सांगितलं. शार्पनर निकृष्ट निघाले, शिसं तुटायचं. ऑगस्टमध्ये अख्खा डबा परत केला. त्यांनी बदलून दिला, पण बदललेले यायला पंधरा दिवस गेले आणि तोवर मी ब्लेडने पेन्सिली तासत बसले.

22 सप्टेंबर 2025 पासून वह्या, पेन्सिल, शार्पनर, खोडरबर आणि रंगखडूंवरचा जीएसटी शून्य झाला. मी दुसऱ्याच आठवड्यात विचारायला गेले. पेन्सिली लगेच स्वस्त झाल्या. वह्यांचा मात्र जुना माल जुन्याच भावाने चालला, थेट दिवाळीपर्यंत. ते मला पटलं नाही आणि मी तोंडावर बोलले. नंतरच्या बिलात त्यांनी फरक वळता केला. विचारलं नसतं तर झाला असता का, याची मला खात्री नाही. तुम्हीही विचारा.

सर्वांत मोठा घोळ बिलाचा. जुलैचं बिल त्यांनी माझ्या नावाने फाडलं. शाळा व्यवस्थापन समितीच्या खात्यातून पीएफएमएसने, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन प्रणालीतून, पैसे द्यायचे तर बिल मुख्याध्यापकांच्या पदनामाने, जीएसटी क्रमांकासह पक्कं लागतं. ते रद्द करून नवं घेण्यात तीन चकरा झाल्या. त्यानंतर मी दोन पानं करून घेतली: एक शाळेचं, एक माझं. शाळेच्या पानावर समितीने मंजूर केलेलंच लिहायचं, मला आवडलं म्हणून घेतलेलं माझ्या पानावर. खातं उघडणाऱ्या प्रत्येकीने पहिल्या दिवशी हेच करावं. नाहीतर हात सैल सुटतो. ऑक्टोबरमध्ये माझ्याच पानावर 2,180 रुपये झाले होते. खिशातून रोख जाताना दिसतं, वहीत लिहिताना दिसत नाही.

एक गोष्ट मी मागितली नव्हती, ती अशी की गल्ल्याशेजारी त्यांनी एक पत्र्याचा डबा ठेवला. गिऱ्हाईक त्यात पेन्सिल, खोडरबर, वही टाकतं. नोव्हेंबरात कापूस विकून आलेल्या लोकांनी तो भरला. त्याच दिवसांत वेचणीमुळे माझ्या वर्गात निम्मीच मुलं असायची. ती परत आली तेव्हा प्रत्येकाच्या हातात नवी पेन्सिल देता आली.

24 डिसेंबरला साने गुरुजींची जयंती. अमळनेरच्या छात्रालयात गुरुजी मुलांसाठी हाताने लिहून दैनिक काढायचे, हे सांगून चौथीच्या सरांनी मुलांकडून भित्तिपत्रक करून घेतलं. माझ्या पिल्लांनी चित्रं काढली. सोळा कार्डशीट, दोन रंगांचे मार्कर, वर लॅमिनेशन. लॅमिनेशनवाल्याने फक्त कागदाचे पैसे लावले.

आज शाळेच्या पानावर 3,460 रुपये बाकी आहेत. भाऊंनी एकदाही फोन केलेला नाही. अनुदान जमा झालं की पहिलं देयक त्यांचं, असा ठराव आम्ही डिसेंबरच्या समिती सभेतच लिहून घेतला आणि त्याची झेरॉक्स त्यांच्या वहीला टाचून दिली.