सहाध्यायी गुणांकन, सात महिने वापरून: काट्यातली खोट

डिसेंबरातल्या एका सोमवारी प्रार्थना सुटायच्या आत एक पालक स्टाफरूमच्या दारात येऊन उभे राहिले. हातात वहीचं फाडलेलं पान, त्यावर चार ओळींचा हिशोब.

"सर, चिठ्ठी भरलीच नाही त्या पोट्ट्याले एकोनीस, आन माह्यानं भरली त त्याले चवदा. हे कोन्या गावचं गनित हाय?"

मी ठेवणीतलं उत्तर दिलं. गुण मी दिले नाहीत, मुलांनीच एकमेकांना दिले, संगणकानं फक्त बेरीज केली. संगणकाचं नाव घेतलं की आमच्याकडे बहुतेक पालक गप्प होतात. हे झाले नाहीत. ते जिनिंगवर काट्यावर बसतात. भरली गाडी मोजा, रिकामी मोजा, फरक लिहा, हेच त्यांचं रोजचं काम. म्हणाले, "पोट्टं मनते, गटात सगळ्याइनं सगळ्याइले सारखेच देल्ले. मंग सारखे काहून नाही आले? तुमच्या काट्यात खोट हाय, सर."

खोट होती. आणि ती माझीच होती.

सहाध्यायी मूल्यमापन म्हणजे मुलांनीच एकमेकांच्या कामाला गुण देणं, हे वाचणाऱ्या शिक्षकांना सांगायला नको. २०२० च्या शैक्षणिक धोरणात प्रगतिपत्रकासाठी ते आलं, तेव्हापासून प्रत्येक प्रशिक्षणात एक स्लाइड त्याची असतेच. स्लाइड पुढे सरकते आणि चहा येतो. गुण नेमके कसे काढायचे हे चहाच्या आधीही कोणी सांगत नाही, नंतरही नाही.

आमचं कनिष्ठ महाविद्यालय यवतमाळ जिल्ह्यात, तालुक्यापासून आत. अकरावीची साठ मुलं. आधी प्रकल्पाला आठ-आठचे गट करायचो. त्यात दोघं राबायची, दोघं सही करायची, बाकीची कुठं असत ते त्यांनाच ठाऊक. रिंगेलमन नावाचा फ्रेंच शेतकी अभियंता होता. त्यानं माणसांना दोर ओढायला लावून मोजमाप केलं, १९१३ साली ते छापलं. आठ जण एका दोराला लागले की प्रत्येकाचा जोर एकट्याच्या जोराच्या निम्म्यावर येतो, असं त्यात निघालं. आमच्या प्रकल्पांना दोरसुद्धा लागला नाही. यंदा गट पाचचे केले, बारा गट.

पद्धत घेतली वेबपीएची. इंग्लंडातल्या लफबरो विद्यापीठात तयार झालेली ही सहाध्यायी गुणांची संगणक प्रणाली फुकट आहे, पण तिला सर्व्हर लागतो, आणि आमच्या संगणक खोलीत दुपारी पंखासुद्धा लागत नाही. म्हणून सूत्र तेवढं उचललं आणि स्प्रेडशीटमध्ये बसवलं. प्रत्येकानं सोबत्यांना पाचपैकी गुण द्यायचे. एकानं दिलेल्या सगळ्या गुणांची बेरीज एक धरून त्याचे हिस्से पाडायचे. ज्याच्या वाट्याला आलेल्या हिश्श्यांची बेरीज १.२ त्याला गटाच्या गुणांच्या १.२ पट, ज्याची ०.८ त्याला तेवढं कमी. ही बेरीज म्हणजे त्याचा गुणक.

हिस्से पाडण्याची ही युक्ती मला पहिल्याच दिवशी आवडली. उदार पोरानं सगळ्यांना पाच दिले काय आणि कंजूषानं सगळ्यांना एक दिला काय, हिस्सा तोच येतो. एका पठ्ठ्यानं खरंच रागानं सगळ्यांना एक-एक दिला होता. कोणाचं काही बिघडलं नाही हे कळल्यावर त्याचं तोंड बघण्यासारखं झालं.

आधी गुगल फॉर्म करून पाहिला. घरी मोबाइल एक, तो बापाच्या खिशात, बाप वावरात. साठातले एकवीस फॉर्म आले आणि त्यातले तीन मोठ्या भावांनी भरलेले निघाले. मग गुण द्यायला कागदी चिठ्ठ्या. झेरॉक्सचे दोन रुपये पान, एका पानावर चार चिठ्ठ्या, म्हणजे वर्गाचे तीस रुपये, ते माझ्या खिशातून. दुसऱ्या खेपेला जुन्या चाचणीच्या पाठकोऱ्या प्रती वापरल्या, तो खर्चही वाचला. हस्ताक्षर ओळखू येतं म्हणून आकडे लिहायला न लावता चौकटीत खूण करायला लावली. तरी एकीनं हिरव्या जेल पेननं खूण केली आणि अख्ख्या गटाला ती कोणाची ते कळलं. आता पेन मीच देतो, निळे, मोजून.

आता काट्याच्या खोटीकडे. यावर मी तीन रात्री घालवल्या, त्यामुळे जरा सविस्तर सांगणार. कंटाळा आला तर पुढे जा, पण ही पद्धत वापरणार असाल तर जाऊ नका.

एखाद्यानं चिठ्ठीच दिली नाही तर गटाची एकूण बेरीज कमी भरते. त्यासाठी वेबपीएत एक भरपाई आहे: गटात पाच, चिठ्ठ्या चार, तर सगळ्यांच्या बेरजेला पाच भागिले चारनं गुणायचं. मूळ पद्धतीत मुलं स्वतःलाही गुण देतात, तिथं हे जमून जातं. मी मात्र शहाणपणा करून स्वतःला गुण देणं बंद केलं होतं. म्हटलं, कोण स्वतःला कमी देणार!

एकोणीस मिळालेला तो मुलगा मामेबहिणीच्या लग्नाला पुसदला गेला होता, चिठ्ठी द्यायची राहिली. उरलेल्या चौघांनी सगळ्यांना सारखेच गुण दिले, म्हणजे प्रत्येक चिठ्ठीतून प्रत्येकाला पाव हिस्सा. लग्नाला गेलेल्याला चार चिठ्ठ्यांतून चार पाव मिळाले: १.००. बाकीच्यांना स्वतःची चिठ्ठी स्वतःला चालत नाही, म्हणून तीनच पाव: ०.७५. आता दोघांनाही सव्वानं गुणा. तो गेला १.२५ वर, बाकीचे ०.९४ ला अडकले. गटाचे गुण २० पैकी १५. लग्नाचा लाडू खाऊन आलेल्याला १८.७५, इमानानं चिठ्ठी भरणाऱ्या चौघांना १४.०६. याचा गट १५ वर होता म्हणून बरं. १८ गुणांचा गट असता तर २० पैकी साडेबावीस मिळाले असते, आणि मी ते ऑफिसात नेऊन दिलेही असते.

दुरुस्ती म्हटली तर एका ओळीची आहे. सरसकट गुणू नका. ज्याला जितक्या चिठ्ठ्यांतून हिस्सा मिळाला तितक्यानं त्याची बेरीज भागा, मग चारनं गुणा, कारण पाचांच्या गटात सोबती चार. रिकाम्या गाडीचं वजन प्रत्येक गाडीचं वेगळं घ्यायचं, एवढंच. ते पालक पुन्हा आले तेव्हा त्यांना स्प्रेडशीट दाखवली. त्यांनी संगणकाकडे न बघता कागदावर पुन्हा आकडेमोड केली आणि म्हणाले, "आता बसलं." चहाही घेतला. त्याच वेळी मी आणखी एक बदल केला: अर्धे गुण गटाचे थेट, फक्त उरलेल्या अर्ध्यांना गुणक. म्हणजे मुलांच्या भांडणात कोणी फार वर उडत नाही आणि फार बुडतही नाही.

इथपर्यंतचं मी डिसेंबरातच लिहून ठेवलं होतं, आणि शेवटी लिहिलं होतं, "काटा दुरुस्त, पद्धत झकास, पाचपैकी साडेचार." बरं झालं कुठे टाकलं नाही.

जानेवारीत प्रकल्पवह्यांवर शिक्के मारायला घेतले. पहिला प्रकल्प कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीचा होता. प्रत्येक गटानं एका एकरात दोन कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे) लावायचे, शिफारस हेक्टरी पाचाची आहे त्या हिशोबानं. रोज सकाळी अडकलेले पतंग मोजायचे, आठ आठवडे. सलग तीन रात्री एका सापळ्यात आठ-आठ पतंग सापडले तर ती धोक्याची पातळी. सोबत डोमकळ्या, म्हणजे अळी लागून न उमललेली फुलं, मोजायच्या. फवारणीच्या दिवशी वावरात पाय ठेवायचा नाही हा नियम मी पहिल्या पानावर लाल शाईनं लिहून घेतला होता. २०१७ साली या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली, ते इथं कोणाला दोनदा सांगावं लागत नाही.

तिसऱ्या गटाची वही उघडली. ५६ सकाळींपैकी ४१ नोंदी एकाच अक्षरात. फवारणीच्या दिवसांपुढे रेघ आणि "आत गेली नाही" असं लिहिलेलं. एका आठवड्यात नऊ, अकरा, नऊ अशा ओळी, त्यांच्याभोवती पेन्सिलीनं गोल. त्या गटाच्या सादरीकरणातला जो आलेख बघून मी २० पैकी १६ दिले होते, तो याच आकड्यांचा. आलेख काढणारा मुलगा हुशार, त्याच्याकडे फोन, त्याचा गुणक १.२३. आकडे लिहिणारी मुलगी? ०.५५. माझ्या पहिल्या हिशोबात तिला सोळांतले नऊसुद्धा पुरते मिळाले नव्हते, अर्ध्याच्या दुरुस्तीनंतर १२.४३ झाले. तिनं स्वतः मात्र चौघांनाही चार-चार दिले होते.

तिला बोलावलं. ती तक्रार करायला तयारच नव्हती. सापळा त्यांच्याच वावरात, मोजायला ती एकटी जायची, कापूस वेचायला निघताना. मग सोबत्यांनी इतके कमी का दिले?

"सर, मीटिंग शाळा सुटल्यावर असे. बस सव्वापाचले निंगते. चुकली का मंग आठ किलोमीटर पायदळ."

बस म्हणजे सरकारच्या मानव विकास कार्यक्रमाची निळी बस, शाळेत येणाऱ्या मुलींसाठीची. मी त्याच दिवशी बाराही गटांचे गुणक काढून बसनं येणाऱ्या मुलींसमोर खूण केली. सतरा मुली. त्यांतल्या चौदांचा गुणक एकच्या खाली. त्या कामचुकार नव्हत्या. मी चिठ्ठीवर एकच प्रश्न छापला होता, "सहभाग कसा होता?", आणि पोरांनी जो डोळ्यांना दिसला तो सहभाग मोजला. दिसायचा तो शाळा सुटल्यावर लिंबाखाली. पहाटेचा कोणी पाहिलाच नव्हता.

म्हणजे दशांशाच्या खोटीसाठी तीन रात्री जागलो आणि चिठ्ठीवरच्या दोन शब्दांकडे बघितलंही नाही. त्या काटेवाल्या पालकांनासुद्धा ही खोट दिसली नसती, कारण वजन बरोबर होतं, गाडीच भलती काट्यावर घेतली होती. तिसऱ्या गटाचे आणि त्या चौदा मुलींचे गुण वह्या समोर ठेवून पुन्हा लावले. गटातल्या मुलांना वही दाखवली. आलेखवाला बराच वेळ पानं उलटत होता. मग म्हणाला, "आकडे गटाच्या वहीत येत होते, सर. मले वाटलं सगळेच मोजते."

दुसरा प्रकल्प हरभऱ्यावरच्या घाटेअळीचा, फेब्रुवारीपर्यंत चालला. पुन्हा सापळे, शिवाय पक्षी थांबे, म्हणजे अळ्या टिपणाऱ्या पाखरांना बसायला काठ्या. यावेळी "सहभाग" हा शब्दच काढून टाकला. तीन प्रश्न: मोजणीच्या आपल्या पाळीला गेला का, घेतलेलं काम ठरल्या दिवशी दिलं का, तुझं काही अडलं तेव्हा कोणाकडून सुटलं. चिठ्ठ्या भरताना गटाची वही मध्ये उघडी ठेवायची, नोंदीपुढे सही ज्यानं मोजलं त्याचीच. मीटिंग मधल्या सुट्टीत. चिठ्ठी दिली नाही तर दोन गुण कमी, लग्न असो की तेरवी. लग्नाला गेलेला तो मुलगा यावेळी सर्वांत आधी चिठ्ठी घेऊन हजर. "सर, भेटली नं? लिहून घ्या."

बसवाल्या सतरांपैकी आता पाचच एकच्या खाली आहेत, आणि त्यांतल्या तिघींच्या वह्या बघितल्यावर मला ते पटतं. सापळेवाली १.०८ वर आली. आलेखवाल्याचा १.०२. तो थोडा नाराज आहे. त्याला म्हटलं, हरभऱ्याच्या आलेखाचे गुण गटाच्या गुणांत आलेच आहेत, ते दुसऱ्यांदा कसे देऊ?

तक्रारी अजून आहेत. दोन गट आपसांत ठरवून सगळ्यांना पाच-पाच देतात. सगळ्यांचा गुणक १.००, मी काय करणार. वहीत सह्या सारख्या वाटलेल्या असतील तर मानतो, नसतील तर गटाला बोलावतो, आणि तिथं पोरांचे चेहरे चिठ्ठीपेक्षा जास्त बोलतात. भाऊकीतली दोन पोरं एका गटात आली की हिशोब गावातल्या धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, भांडणावर जातो. असे गट आता मी फोडतो. शिवाय साठ मुलांच्या चिठ्ठ्यांचे आकडे स्प्रेडशीटमध्ये भरायला दोन संध्याकाळी लागतात, त्याचा मोबदला नाही की रजा नाही. पाचपैकी साडेतीन देतो. सूत्राला साडेचारच दिले असते, एक माझ्या चिठ्ठीचा कापला.

स्प्रेडशीट कोणाला हवी असेल तर देतो. फक्त "मिळालेल्या चिठ्ठ्या" हा रकाना रिकामा दिसतो म्हणून पुसू नका, सगळी दुरुस्ती त्यातच आहे.

परवा अंतिम यादी ऑफिसात दिली. बाबूंनी चष्मा वर केला आणि म्हणाले, "सर, रजिस्टरात पॉइंट बसत नाही." माझ्यासमोर पेन काढून त्यांनी १२.४ चे बारा केले, आणि त्याच्याच खालच्या ११.६ चेही बारा.