कॉमिक्सवर अभ्यास करायचाय, मग मॅक्क्लाउड घ्यावा की ग्रोनस्टीन?

माझी मावसबहीण एमएच्या शेवटच्या वर्षाला आहे, ताळगावच्या पठारावर, गोवा विद्यापीठात, आणि तिला डिझर्टेशन कॉमिक्सवर करायचंय. गाईड म्हणतात विषय चांगला आहे पण आधी थिअरी ठरव. अशी विचारणारी ती एकटी नाही, आमच्या फोंड्यात अजून एकदोघांनी हेच विचारलं, म्हणून एकदाच नीट लिहून टाकतो. प्रश्न फिरून फिरून येतो तो दोन पुस्तकांवर, स्कॉट मॅक्क्लाउडचं 'अंडरस्टँडिंग कॉमिक्स' (१९९३) आणि थिएरी ग्रोनस्टीनचं 'द सिस्टिम ऑफ कॉमिक्स' (फ्रेंचमध्ये १९९९, इंग्रजीत २००७). मी दोन्ही वापरलीत. पॅनल म्हणजे चौकट, गटर म्हणजे दोन चौकटींमधली मोकळी जागा, बलून म्हणजे बोलण्याचा फुगा, यापलीकडे सांगत बसत नाही.

मॅक्क्लाउडचं आधी. हे अख्खं पुस्तकच कॉमिक्स आहे, चष्मेवाला लेखक स्वतः पानापानावर येऊन समजावतो, आणि खरं सांगायचं तर फोंडा-पणजी कदंबा बसमध्ये उभ्याउभ्यासुद्धा वाचून होतं. चेहरा जितका साधा काढावा तितका वाचणारा त्यात स्वतःला बघतो हा त्याचा मुद्दा, टिनटिनचा चेहरा दोन ठिपक्यांचा पण मागची गल्ली मात्र वीट न् वीट काढलेली, हे एकदा वाचलं की पुढे कुठलंही कॉमिक्स उघडलं तरी डोक्यात राहतं. थिअरीच्या नावाने घाबरणाऱ्याला हेच पुस्तक द्यावं, याबद्दल वाद नाही. घरातल्यांना आपण नक्की कशाचा अभ्यास करतोय हे समजावायचं असेल तरी हेच द्यावं.

ग्रोनस्टीन त्याच्या अगदी उलट. हा माणूस आंगुलेमच्या कॉमिक्स म्युझियमचा संचालक होता, चित्रचिन्हांच्या शास्त्रातून आलेला, आणि लिहितोही तसाच. पहिल्या वीस-पंचवीस पानांतच 'स्पेशिओ-टोपिकल' (पानावरची जागा आणि मांडणी) आणि 'आर्थ्रॉलॉजी' (पॅनलांचे आपसातले सांधे) असले शब्द अंगावर येतात, आणि चित्रं इतकी कमी की कॉमिक्सवरचं पुस्तक वाचतोय हे मधूनमधून स्वतःला सांगावं लागतं. त्यात त्याची उदाहरणं बरीचशी फ्रेंच-बेल्जियन, जी आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेलीसुद्धा नसतात, टिनटिन आणि अ‍ॅस्टेरिक्सच्या पुढे आपली गाडी सहसा जात नाही. म्हणजे वाचण्याच्या सुखात तुलनाच नाही, मॅक्क्लाउड पुढे आहे, बराच पुढे.

आता ज्यावरून माझं ठरलं ते सांगतो, आणि इथे जरा लांबण लागेल.

मॅक्क्लाउडने एका पॅनलमधून दुसऱ्या पॅनलमध्ये जाण्याचे सहा प्रकार केलेत, क्षणातून क्षणात, क्रियेतून क्रियेत, एका पात्रावरून दुसऱ्यावर, एका प्रसंगातून दुसऱ्यात, एकाच जागेच्या एका अंगावरून दुसऱ्या अंगावर, आणि काहीच संबंध नसलेला. मग त्याने ते मोजून आलेख काढले, की सुपरहिरोवाल्या जॅक कर्बीच्या अमेरिकन पानांत क्रियेतून क्रियेत जाणारे साधारण ६५ टक्के, युरोपात टिनटिनवाल्या हर्जेचंही थोडंफार तसंच, आणि जपानी मांगामध्ये मात्र नुसतं रेंगाळणारे, पाऊस, खिडकी, चपला, असं दाखवणारे चांगलेच दिसतात. वाचताना भारी वाटतं, आणि डिझर्टेशन करणाऱ्याला तर लॉटरीच, कारण तक्ता तयार मिळाला, आता फक्त आपलं कॉमिक्स घ्यायचं आणि मोजायचं.

मोजायला बसल्यावर कळतं. मी आणि माझा एक मित्र दोघांनी इंद्रजाल कॉमिक्सचा एकच अंक घेतला, वेताळाचा, म्हणजे फँटमचा, आणि वेगवेगळे बसून खुणा केल्या, आणि आमचे आकडे काही केल्या जुळेनात. वेताळ घोड्यावरून उतरतो आणि पुढच्या पॅनलमध्ये फक्त त्याचा कुत्रा दिसतो, मी म्हणालो पात्र बदललं, तो म्हणाला क्रिया चालूच आहे, आणि दोघांकडेही पुस्तकातूनच काढलेलं कारण होतं. असं एखाद्या ठिकाणी झालं असतं तर सोडून दिलं असतं, पण दर पानावर एखादं तरी असायचंच. शेवटी जो आकडा येतो तो कॉमिक्सबद्दल कमी आणि मोजणाऱ्याबद्दल जास्त सांगतो असं माझं मत झालं, तुमचं वेगळं होऊ शकेल.

पण तेही मी चालवून घेतलं असतं. खरी अडचण वेगळीच निघाली. इंद्रजाल १९६४ ला सुरू झालं आणि १९९० ला बंद पडलं, त्यातला फँटम मुळात अमेरिकन वर्तमानपत्रांत रोज तीन-चार पॅनलच्या पट्टीत यायचा, १९३६ पासून. इंद्रजालवाल्यांनी त्या पट्ट्या कापून, कुठे पॅनल छाटून, कुठे वाढवून, कुठे गाळून पानावर मांडल्या. आता मूळ पट्ट्यांचे संग्रह मिळतात, ते शेजारी ठेवून बघा. पट्टीत शेवटचं पॅनल उद्यापर्यंत वाचकाला अडकवून ठेवायला असतं आणि दुसऱ्या दिवशीचं पहिलं पॅनल काल काय झालं ते आठवण करून द्यायला. तीच दोन पॅनल इंद्रजालच्या पानात मधल्या ओळीत शेजारी शेजारी येऊन बसली की अडकवणं गेलं, आठवण करून देणं उगाच झालं, वाचताना तिथे गचका बसतो. लहानपणी तो गचका बसायचा पण कशामुळे ते कळायचं नाही. आणि मॅक्क्लाउडच्या तक्त्यात? काहीच फरक नाही! आधीचं पॅनल तेच, नंतरचं तेच, प्रकार तोच, खूण तीच. ज्या गोष्टीसाठी मी एवढा खटाटोप करत होतो ती गोष्ट त्याच्या पद्धतीत दिसतच नव्हती, कारण ती पद्धत एका वेळी दोन शेजारी बघते आणि पान बघत नाही. हां, पुस्तकात इतर ठिकाणी तो पॅनलच्या आकाराबद्दल, लांबट पॅनलमध्ये वेळ कसा ताणतो याबद्दल सुंदर लिहितो, अन्याय नको. पण अभ्यास करणारे सगळे उचलतात तो तक्ताच.

ग्रोनस्टीन इथे उपयोगी पडला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की पॅनल सुटं बघूच नका, त्याला पानावर एक जागा असते, ओळीच्या सुरुवातीला, मधे, पानाच्या शेवटच्या कोपऱ्यात, आणि ती जागाच अर्थ बनवते. टिनटिन आधी नियतकालिकांतून पानापानाने यायचा, म्हणून अल्बममध्येही, म्हणजे नंतर निघालेल्या पुस्तकातही, पानाच्या शेवटच्या चौकटीत काहीतरी अर्धवट सोडलेलं सापडतं, हे एकदा दिसायला लागलं की मग इंद्रजालचा गचका काय आहे ते सांगायला शब्द मिळतात. गंमत म्हणजे त्याच्याकडेही सहाचीच यादी आहे, चौकटीची सहा कामं, बंद करणं, वेगळं करणं, लय देणं, रचना करणं, भाव दाखवणं आणि 'इथे वाच' म्हणून सांगणं. पण एकच चौकट ही सहाही कामं एकदम करू शकते, त्यामुळे ही का ती असं भांडण होत नाही. मित्राबरोबरची दोस्ती टिकली म्हणायची.

आणि मग ते ब्रेडिंग. म्हणजे दूरदूरच्या पानांवरची पॅनल एकमेकांशी बोलतात, पान चारवरचं चित्र पान चाळीसवर थोडं बदलून परत येतं आणि अख्ख्या पुस्तकाची वीण तयार होते. 'वॉचमेन' या इंग्रजी कॉमिक्सचा पाचवा भाग काढून बघा, पहिलं पान शेवटच्या पानाचा आरसा, दुसरं उपांत्यचा, असं करत मधल्या जोडपानावर येऊन दोन्ही बाजू मिळतात. शेजारी-शेजारी बघत गेलात तर हे कधीच हाती लागणार नाही.

माझ्या मते परीक्षा लागते ती 'भीमायन'वर. २०११ चं पुस्तक, बाबासाहेबांचं आयुष्य, चित्रं दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड कलाकारांची. त्यात सरळ रेषेच्या चौकटीच नाहीत, भिंतीवर काढतात त्या डिग्ना नक्षीच्या पट्ट्यांनी पान वळणं घेत विभागलंय, बोलण्याचे फुगे कधी पक्ष्याच्या आकाराचे तर विषारी बोलणं असेल तर विंचवाच्या नांगीचे. इथे मॅक्क्लाउडचं गटर शोधायचं कुठे? ग्रोनस्टीनही चौकटीवरच उभा आहे, तोही इथे थोडा अडखळतो, नाही असं नाही. पण त्याचं एकक पान असल्यामुळे निदान सुरुवात तरी करता येते. आपल्याकडच्या पोरांनी जगभरची थिअरी वाचून शेवटी काम असल्या पुस्तकांवर करावं असं मला वाटतं, आणि त्यासाठी जी थिअरी आधी मोडत नाही ती बरी.

आता मॅक्क्लाउडच्या बाजूने एक गोष्ट, कारण एकतर्फी झालं म्हणाल. कॉमिक्स म्हणजे शेजारी शेजारी क्रमाने मांडलेली चित्रं ही त्याची व्याख्या खूप लांबचा पल्ला घेते, बायो टॅपेस्ट्री (युरोपातलं मध्ययुगीन भरतकामाचं लांबलचक कापड), मेक्सिकोच्या जुन्या चित्रपोथ्या, सगळं आत येतं, आणि ग्रोनस्टीनचं विश्लेषण मात्र छापील अल्बमच्या जगातच जास्त रमतं. जुन्या चित्रपरंपरांवर काम असेल तर हा फरक मोठा आहे. तरी गोव्याची हद्द ओलांडून कुडाळजवळ पिंगुळीला गेलात की दोघांचीही पंचाईत होते. चित्रकथीची पोथी म्हणजे सुटी चित्रं, गाता गाता एकेक समोर धरायचं. क्रम आहे, गोष्ट आहे, पण चित्रं शेजारी शेजारी कधीच नसतात, आणि दोघांनाही ती एकत्र दिसायला हवी असतात. आपल्या गोव्याचा व्यंगचित्रकार मारियो मिरांडा, त्याचं तेच, एका चौकटीत अख्खं गाव, पाव विकणारा, पाद्री, कुत्री, भांडणाऱ्या बायका, आणि व्याख्येनुसार हे कॉमिक्स नाहीच म्हणे. पण मॅक्क्लाउडकडे एक पान आहे जिथे एकाच पॅनलमधल्या घोळक्यात डावीकडून उजवीकडे वेळ कसा सरकतो ते दाखवलंय, मारियोचा भरलेला बार किंवा बाजार वाचायला मला तेच कामाला येतं. त्यामुळे विषय मारियो असेल तर माझा सल्ला फिरतो, सरळ मॅक्क्लाउड घ्या.

तिसरा पर्यायही कोणीतरी विचारतंच. नील कोहनचं २०१३ चं पुस्तक, तो चित्रकथेला व्याकरण आहे म्हणतो आणि मेंदूच्या लहरी मोजून दाखवतो. काम पक्कं आहे, पण भाषाशास्त्र किंवा मानसशास्त्राची बाजू नसेल तर एमएच्या मुलाने त्यात उतरावं का याबद्दल मी जरा साशंक आहे. आणि तुमचा प्रश्न पानाबद्दल नसून कोणी छापलं, कोणी वाचलं, कोणाला वगळलं असा असेल, समजा १९६७ ला अनंत पैंनी सुरू केलेल्या अमर चित्रकथेवर काम आहे, तर हे दोघेही बाजूला ठेवा, त्यावर कार्लीन मॅक्लेन आणि नंदिनी चंद्रा यांची स्वतंत्र पुस्तकं आहेत, तिथून सुरुवात करा. जगभरचं, त्यातही आशियातलं काय चाललंय ते बघायला जॉन लेंट यांनी १९९९ मध्ये सुरू केलेलं 'इंटरनॅशनल जर्नल ऑफ कॉमिक आर्ट' चाळा.

विकत घ्यायचं तर मॅक्क्लाउड कागदावरच घ्या, फोनवर त्याची पानं तुकड्यातुकड्यात दिसतात आणि मग अर्थ राहत नाही. फक्त आपल्याकडच्या पावसाळ्यात कपाटात सिलिका जेलची पुडी ठेवा, माझ्या प्रतीला दुसऱ्याच वर्षी बुरशी आली. ग्रोनस्टीन सगळा मजकूरच आहे, ई-बुक चालतं, आणि महाग वाटलं तर पणजीत पाटोच्या सेंट्रल लायब्ररीत किंवा कॉलेजच्या लायब्ररीत मागणी लिहून द्या, तेवढ्यात मॅक्क्लाउड वाचून होईल.

बहिणीला मी ग्रोनस्टीन सांगितलाय, पण पहिल्या पानापासून नाही. तिसरं प्रकरण, ब्रेडिंगचं, ते आधी, छोटं आहे आणि त्यातच खरी मजा आहे. मग दुसरं, ओळीतल्या पॅनलचं. पहिलं प्रकरण सगळ्यात शेवटी, एखाद्या ओळखीच्या कॉमिक्सचं पान शेजारी उघडं ठेवून, टिनटिनचं ठेवलंत तर उत्तम. गाईडना बहुतेक पहिलंच आवडेल, व्याख्या सगळ्या तिथे आहेत.