तापमान दाखवणारी फिल्म: युरोपियम घ्यायचं की रुथेनियम?

एमएस्सीच्या प्रोजेक्टला तापमानाप्रमाणे चमक बदलणारी पॉलिमर फिल्म करायचीय आणि धातू कुठला घ्यायचा यावर गाडी अडलीय, तर ठाणे-नवी मुंबईवाल्यांनी आधी इथल्या दमट हवेचा विचार करा, पुस्तकातले आकडे नंतर बघू.

युरोपियम टीटीए (टीटीए म्हणजे धातूला जोडलेला, यूव्ही शोषून ऊर्जा त्याला देणारा सेंद्रिय रेणू) ॲक्रिलिकमध्ये (पीएमएमए) मिसळून स्लाइडवर थर दिला की ३६५ नॅनोमीटरच्या साध्या यूव्ही टॉर्चखाली मस्त लालभडक दिसतो. हॉटप्लेटवर ३० वरून ७० अंशांपर्यंत न्या, रंग तोच राहतो, ६१२-६१५ नॅनोमीटरची लाल रेषा जागची हलत नाही, फक्त उजेड मंद होत जातो आणि हे नुसत्या डोळ्यांनी कळतं, मला तर हे दरवेळी बघायला आवडतं. पण पाण्याचे ओ-एच बंध युरोपियमची ऊर्जा खाऊन टाकतात. साध्या पाण्यात त्याचा उजेड जेमतेम ०.१ मिलिसेकंद टिकतो, जड पाण्यात (हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम असलेल्या) ४ मिलिसेकंदांच्या आसपास, यावरून अंदाज घ्या. म्हणून जुलैत नेरुळला काम करणार असाल तर फेनँथ्रोलिन (आणखी एक सेंद्रिय रेणू) जोडलेलाच कॉम्प्लेक्स (धातू आणि त्याला जोडलेले रेणू) घ्या, तो पाण्याची जागा अडवतो, आणि फिल्म डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात) ठेवा.

रुथेनियम बायपिरिडिनला (बायपिरिडिन हा रुथेनियमला जोडलेला रेणू) यूव्ही लागत नाही, ४५० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा एलईडी पुरतो, हा मोठा फायदा. तापमान वाढलं की उत्तेजित इलेक्ट्रॉन शेजारच्या अशा पातळीवर चढतो जिथून उजेड न पडता ऊर्जा उष्णता होऊन जाते, म्हणून चमक उतरते. त्रास ऑक्सिजनचा, तोही ही चमक उतरवतो. सिलिकॉन रबरात घातलं तर हवा आरपार जाते आणि तुम्ही तापमान मोजताय की ऑक्सिजन तेच कळत नाही, तेव्हा पॉलिॲक्रिलोनायट्राइल घ्या, ते हवा अडवतं, फक्त डीएमएफ या द्रावकात विरघळवावं लागतं आणि ते सुकायला वेळ घेतं.

टर्बियम-युरोपियम जोडी आकड्यांसाठी सगळ्यात भारी, कारण टर्बियमचा हिरवा आणि युरोपियमचा लाल यांचं गुणोत्तर काढलं की टॉर्च जवळ-लांब झाल्याने फारसं बिघडत नाही. पण टीटीए टर्बियमला चालत नाही, टीटीएची ट्रिपलेट पातळी (जिथून ऊर्जा धातूला मिळते) टर्बियमच्या पातळीच्या अगदी जवळ आहे, ऊर्जा उलटी परत जाते. टीटीएऐवजी असिटिलअसिटोन घेतलं तर ३०० नॅनोमीटरच्या आसपासचा यूव्ही लॅम्प लागतो, म्हणजे खर्च वाढला.

धातू पॉलिमरच्या साखळीलाच बांधायचा की नुसता मिसळायचा? वेळ असेल तर बांधा, गुठळ्या होत नाहीत. एका सेमिस्टरमध्ये उरकायचं असेल तर मिसळा.

माझं मत विचाराल तर टॉर्च आणि मोबाइल एवढंच हाताशी असेल तर युरोपियम, कॅमेऱ्याचं एक्सपोजर लॉक करून. स्पेक्ट्रोमीटर मिळत असेल आणि फिल्म तासन्‌तास उजेडाखाली ठेवायची असेल तर रुथेनियम, कारण युरोपियम टीटीए यूव्हीखाली हळूहळू कायमचं फिकं पडतं. काहीही घ्या, गरम केल्यावर परत ३० अंशांवर आणून पहिल्याइतकी चमक येते का ते नक्की तपासा, नाही आली तर तुमच्या ग्राफमध्ये तापमानाबरोबर फिल्मची खराबीही मोजली गेलीय.